एक टोपी, एक साखळी आणि इंग्रजीचे व्याकरण

श्रोतेहो, नमस्कार.

आपल्या शाळांमधून इंग्रजी व्याकरणाचा अभ्यास बहुधा सुट्या वाक्यांवर होतो. वाक्याचा प्रयोग बदला, काळ बदला, अप्रत्यक्ष कथन करा, असे सांगितले जाते. विद्यार्थी ते करून दाखवतो आणि त्याला गुण मिळतात. पण त्या बदलाने वाक्याच्या अर्थात काय फरक पडला, हे त्याला सहसा कोणी विचारत नाही. गुन्ह्याच्या तपासात मात्र हाच फरक सर्वांत महत्त्वाचा असतो. म्हणून नववी-दहावीच्या वर्गात व्हिक्टोरिया राणीच्या काळातील एक खरा खटला घेऊन व्याकरण शिकवावे, असे मला मनापासून वाटते, आणि ते कसे करता येईल हे आज आपल्यापुढे मांडणार आहे.

मी निवडलेला खटला 1864 सालचा आहे. त्या वर्षी 9 जुलैच्या रात्री, लंडनच्या फेन्चर्च स्ट्रीट स्थानकातून निघालेल्या लोकलमध्ये टॉमस ब्रिग्ज नावाचे, बँकेत वरिष्ठ कारकून असलेले वृद्ध गृहस्थ पहिल्या वर्गाने घरी निघाले होते. गाडी हॅकनी स्थानकात आली तेव्हा त्यांचा डबा रिकामा होता आणि बैठकीवर रक्त होते. ब्रिग्ज रुळांजवळ जखमी अवस्थेत सापडले आणि दुसऱ्या दिवशी रात्री मरण पावले. त्यांचे सोन्याचे घड्याळ आणि साखळी गेली होती. डब्यात एक टोपी मिळाली, पण ती त्यांची नव्हती. त्यांची स्वतःची टोपी नाहीशी झाली होती. ब्रिटनच्या रेल्वेतील हा पहिला खून मानला जातो. त्या काळी डबे आतून एकमेकांना जोडलेले नसत आणि संकटात सापडलेल्या प्रवाशाला गार्डला खूण करण्याची सोय नसे. लांब पल्ल्याच्या गाड्यांत ती सक्तीची करणारा कायदा पुढे 1868 मध्ये झाला.

या हकिकतीतली टोपी शिक्षकाच्या फार उपयोगाची आहे. मराठीत आर्टिकल म्हणजे उपपद नाही, त्यामुळे ‘अ’ आणि ‘द’ हे शब्द आपल्या मुलांना शोभेचे वाटतात आणि ती ते कुठेही ठेवतात किंवा गाळतात. आता पोलिसांच्या टिपणासारखी तीन वाक्ये फळ्यावर लिहावीत: ‘अ हॅट वॉज फाउंड’, ‘द हॅट वॉज फाउंड’, ‘हिज हॅट वॉज फाउंड’. पहिल्या वाक्यात कोणाची तरी, अजून ओळख न पटलेली टोपी आहे. दुसऱ्यात जिची चर्चा आधीच झाली आहे ती टोपी आहे. तिसऱ्या वाक्याने तर अख्खा तपास चुकीच्या दिशेला जाईल, कारण ‘हिज’ म्हणजे ब्रिग्ज यांची, आणि ती तर डब्यात नव्हतीच. हे एकदा लक्षात आले की उपपदाचा नियम वेगळा पाठ करून घ्यावा लागत नाही.

पास्ट परफेक्टची अडचण याहून खोल आहे. मराठीत आपण ‘मी काल पुण्याला गेलो होतो’ असे अगदी सहज म्हणतो. तिथे ‘होतो’ आले तरी दुसरी कुठलीही घटना मनात नसते. त्यामुळे आपली मुले इंग्रजीतही ‘आय हॅड गॉन टु पुणे यस्टर्डे’ असे लिहितात. इंग्रजीतल्या ‘हॅड’ला मात्र नंतर घडलेली दुसरी घटना लागते, आणि ती पुरवायला या खटल्यातील घटनाक्रम फार चांगला आहे. 11 जुलैला चीपसाइडमधील जॉन डेथ या जवाहिऱ्याकडे एकाने ब्रिग्ज यांची साखळी बदलून दुसरी घेतली. काही दिवसांनी जोनाथन मॅथ्यूज नावाच्या घोडागाडीवाल्याने पोलिसांना सांगितले की फ्रान्झ म्युलर या जर्मन शिंप्याने मॅथ्यूजच्या मुलीला त्या जवाहिऱ्याचे नाव असलेली डबी दिली होती. तोवर म्युलर शिडाच्या जहाजाने न्यूयॉर्ककडे निघाला होता. इन्स्पेक्टर रिचर्ड टॅनर वाफेच्या जहाजाने निघाले आणि त्याच्या कितीतरी आधी पोहोचले. ‘व्हेन मॅथ्यूज वेंट टु द पोलीस, म्युलर हॅड ऑलरेडी लेफ्ट लंडन’ या वाक्यातले ‘हॅड ऑलरेडी’ काढून टाकले, तर मॅथ्यूजची खबर कळल्यावर म्युलर पळाला असा अर्थ होतो. न्यायालयात ही गोष्ट आरोपीच्या विरुद्ध गेली असती, आणि ती खरीही नव्हती. घटनांच्या चिठ्ठ्या करून मुलांना क्रम लावायला द्यावा आणि मग प्रत्येक जोडीचे वाक्य करायला सांगावे.

म्युलरच्या सामानात ब्रिग्ज यांचे घड्याळ मिळाले, आणि उंची कमी करून पुन्हा शिवलेली एक टोपीही. खून होताना कोणी पाहिले नव्हते, त्यामुळे सारा पुरावा परिस्थितीजन्य होता, आणि इथे ‘मस्ट हॅव’, ‘मे हॅव’ आणि ‘कांट हॅव’ यांची खरी गरज लागते. मराठीत ही श्रेणी आपल्या कानांना ओळखीची आहे: केले असेल, केले असावे, केले असणारच, केलेच नसणार. तिचा आधार घेऊन शिकवले तर मुले पटकन शिकतात. ‘ही मस्ट हॅव कट द हॅट’ असे एकाने म्हणावे आणि दुसऱ्याने ‘हाउ डू यू नो?’ असे विचारावे. उत्तर देता आले नाही, तर ‘मस्ट’ सोडून ‘मे’वर यावे लागते. बचाव पक्षानेही जवळपास हेच केले. माहितीसाठी एकूण 300 पौंडांचे बक्षीस जाहीर झाले होते आणि मॅथ्यूजची साक्ष त्या आशेने दिलेली असू शकते, हे त्यांनी पंचांपुढे मांडले.

हा खटला लंडनच्या ज्या ओल्ड बेली न्यायालयात चालला, तिथल्या साक्षींचे छापील वृत्तान्त आज इंटरनेटवर विनामूल्य वाचता येतात, आणि त्यांतली भाषा आजच्या इंग्रजीच्या जवळची आहे. त्यात बऱ्याचदा वकिलाचा प्रश्न गाळून केवळ साक्षीदाराचे उत्तर दिलेले असते. त्या उत्तरावरून प्रश्न तयार करणे, हा ‘डिड’ आणि ‘वॉज’ने सुरू होणाऱ्या प्रश्नांचा मला माहीत असलेला सर्वोत्तम सराव आहे.

एक गोष्ट मात्र सांभाळावी. इथे एका माणसाचा जीव गेला आणि दुसऱ्याला 14 नोव्हेंबर 1864 रोजी न्यूगेट तुरुंगाबाहेर प्रचंड गर्दीसमोर फाशी दिले गेले. वर्गात त्याची करमणूक होऊ नये. जर्मन म्हणून म्युलरविषयी लोकांच्या मनात राग होता, हेही मुलांना सांगावे.

अखेरच्या क्षणी म्युलरने जर्मन भाषेत गुन्हा कबूल केला, असे त्याच्यासोबत असलेले जर्मन पाद्री लुई कॅपेल यांनी सांगितले. इनडायरेक्ट स्पीचचा धडा मी याच ठिकाणी घेईन. मराठीत आपण ‘तो म्हणाला की मी दमलो आहे’ असे बोलणाऱ्याचे शब्द तसेच ठेवतो. इंग्रजीत सर्वनामही बदलते आणि काळही मागे सरकतो. ‘म्युलर कन्फेस्ड’ आणि ‘डॉक्टर कॅपेल सेड दॅट म्युलर हॅड कन्फेस्ड’ ही दोन वाक्ये शेजारी लिहून, यांतले कोणते आपण जबाबदारीने लिहू शकतो हे मुलांना ठरवू द्यावे. मग ‘सेड’च्या जागी ‘क्लेम्ड’, ‘रिपोर्टेड’, ‘कन्फर्म्ड’ ही क्रियापदे एकेक करून घालावीत, आणि प्रत्येक वेळी लिहिणाऱ्याचा कॅपेल यांच्यावर किती विश्वास आहे ते विचारावे.