घोट्यातली पितळी सळी

(दृश्य : पारदर्शक कपात दोन द्रव एकत्र होताहेत.)

आत्ता हे पाण्यासारखं स्वच्छ दिसतंय. एका बाटलीतलं आयसोसायनेट, दुसरीतलं पॉलिओल, दोन्ही समान मापानं. अर्धा मिनिट ढवळायचं आणि सिलिकॉनच्या साच्यात बारीक धार सोडायची, एकाच कोपऱ्यातून, म्हणजे हवेला दुसऱ्या बाजूनं वाट मिळते. दोन-तीन मिनिटं काहीच घडत नाही.

आणि मग हे बघा. मधोमध एक दुधी डाग उठतो आणि बघता बघता सगळा साचा पांढरा होतो. हात लावला तर चांगलंच गरम लागतं. थोड्या वेळानं साचा सोलून काढला की पडक्या भिंतीचा तुकडा बाहेर येतो, विटांच्या फटींसकट.

हे ओतकाम चाललंय इंग्लंडमधल्या नॉटिंगहॅम शहरात, एका घराच्या मागच्या खोलीत. ओतणारा आमचा मित्र मूळचा कोल्हापूरचा. त्याचे वडील शिरोलीच्या एका फाउंड्रीत, म्हणजे धातूच्या ओतकामाच्या कारखान्यात, साचे भरणारे मोल्डर होते. रनर, रायझर, पार्टिंग लाइन, फेटलिंग हे ओतकामातले शब्द तो घरातच ऐकत वाढला, आणि आज टेबलावर खेळायच्या युद्धखेळातलं यंत्र घडवतानाही तेच वापरतो.

भिंतीचा तुकडा त्यानं स्वतः घडवलेला आहे. त्यावर जे उभं राहणार आहे, ते याच शहरातल्या फोर्ज वर्ल्डचं. गेम्स वर्कशॉप या कंपनीची ही रेझिनची, म्हणजे असंच दोन द्रवांतून घट्ट होणाऱ्या मालाची शाखा. यंत्राचं नाव वॉरहाउंड टायटन. पाठीत वाकलेलं, कुत्र्यासारख्या मागं मुडपलेल्या दोन पायांवर चालणारं. वॉरहॅमर ४०,००० या युद्धखेळाच्या विश्वात टायटन म्हणजे प्रचंड चालती युद्धयंत्रं, आणि त्यांत हा धाकटा, टेहळणीवर जाणारा.

चालत्या युद्धयंत्राची कल्पना मात्र फार जुनी. एच. जी. वेल्स यांनी १८९८ च्या कादंबरीत मंगळावरची तीन पायांची यंत्रं इंग्लंडच्या सरे परगण्यात फिरवली. पुढं १९१३ साली याच वेल्सनी खेळण्यातल्या शिपायांच्या लढाईचे नियम पुस्तकात छापले, स्प्रिंगच्या तोफांनी खेळायच्या लढाईचे. यंत्र आणि खेळ, दोन्ही एकाच माणसाच्या टेबलावर होते. मला ही गोष्ट फार मोलाची वाटते.

वॉरहॅमर ४०,००० चं पहिलं नियमपुस्तक आलं १९८७ मध्ये. रिक प्रीस्टली यांनी लिहिलेलं. तेव्हा विकत मिळणारी वाहनं थोडी, म्हणून खेळणारे डिओडरंटच्या रिकाम्या डबीतून तरंगते रणगाडे करायचे. १९८८ मध्ये टायटन आले, तेही बोटभर उंचीचे. आज तोच टायटन दोन्ही हातांनी उचलावा लागतो.

(दृश्य : सिंकमध्ये कोमट पाणी, जुना टूथब्रश.)

सुरुवात धुण्यापासून. साच्यातून सुटावं म्हणून लावलेला तेलकट थर रेझिनवर राहिलेला असतो. तो राहिला तर पुढं ना डिंक धरतो ना रंग. म्हणून भांड्यांचा साबण आणि टूथब्रश, प्रत्येक तुकड्याच्या प्रत्येक खाचेत.

ही बंदुकीची नळी केळ्यासारखी वाकलीय. ती कडकडीत गरम पाण्यात बुडवायची, मऊ पडली की काचेवर सरळ करायची आणि तशीच थंड पाण्यात धरायची. संपलं. कागदावर ठेवून बघा, कडेशी फट नाही.

आता फेटलिंग. ओतताना राहिलेले जाड गट्टू बारीक करवतीनं कापायचे, साच्याच्या दोन भागांमधली रेघ पात्यानं खरवडायची, मग पाण्यात भिजवलेला पॉलिश पेपर. खोलीत हा एकच आवाज आठ दिवस होता. रेझिनची बारीक पूड फुप्फुसाला घातक, म्हणून तोंडावर मास्क आणि कागद ओला. आणि घट्ट झालेलं रेझिन पुन्हा वितळत नाही, कापलेलं सगळं कचऱ्यातच जातं.

हवेच्या बुडबुड्यांनी पडलेली भोकं भरायला ही पुट्टी. एक पट्टी निळी, एक पिवळी. कणकेसारखी मळत राहायची, रंगाची एकही रेघ उरली नाही आणि सगळी हिरवी झाली की तयार. बोट ओलं नसेल तर ती बोटालाच चिकटते.

(दृश्य : घोट्याचा जवळून शॉट. इथं घाई नको.)

हा घोटा. आम्ही सगळ्यात जास्त वेळ इथं कॅमेरा लावून बसलो. प्लास्टिकच्या मॉडेलचा डिंक प्लास्टिकलाच विरघळवून जोडतो, रेझिनवर तो चालत नाही. सुपरग्लू चालतो, पण धक्का बसला की कटकन सुटतो. आणि या यंत्राचं धड जड, सगळं वजन दोन घोट्यांवर. म्हणून आत पितळी सळी, दोन मिलिमीटर जाडीची.

पावलात हातड्रिलनं भोक पाडलं. समोरचं भोक नेमकं त्याच्यासमोर यायला हवं, तर ते कुठं पाडायचं? त्यानं भोकाच्या तोंडाशी लाल रंगाचा ठिपका ठेवला, पाय वरून अलगद टेकवला आणि उचलला. ठिपका पायावर उमटला. ड्रिल तिथं.

चिकटवण्याआधी सगळं यंत्र ब्लू टॅकवर, म्हणजे पुन्हा सोडवता येणाऱ्या चिकट गोळ्यांवर, उभं केलं, आणि कमरेपासून दोऱ्याला नट बांधून सोडला. गवंड्याचा ओळंबाच. नट दोन पावलांच्या मध्ये यायला हवा होता, तो बोटभर पुढं आला. त्यानं पाऊल पुन्हा सोडवलं. "वडील म्हणायचे, ओतलेलं दिसतं समद्यांस्नी, घासलेलं कुणाला दिसत न्हाई," तो म्हणाला, आणि परत खाली मान घालून बसला. तीनदा सोडवलं. चौथ्यांदा एपॉक्सी, म्हणजे पक्का धरणारा डिंक, लावलं.

यंत्राचे हात मात्र चिकटवलेले नाहीत. खांद्यात निओडिमियमची चुंबकं बसवलीत, म्हणजे आज एक तोफ, उद्या दुसरी.

रंगाला तीन आठवडे लागले. प्राइमर, एअरब्रश, फटींतून ओघळणारा ऑइलचा काळा रंग, पावलांवर धूळ. पडद्यावर ते चाळीस सेकंदांत येतं. आता बरीच मोठी यंत्रं प्लास्टिकमध्ये मिळतात, थ्रीडी प्रिंटरही बऱ्याच घरांत आलेत. क्लबातल्या टेबलावर हा टायटन पुढच्या महिन्यात उतरेल.

एपॉक्सी रात्रभर वाळलंय. पडक्या भिंतीवर एक पाऊल, जमिनीवर दुसरं. आमच्या मित्राचे दोन्ही हात अजून यंत्राच्या बाजूला आहेत.

आता तो डावा हात काढतोय.

(यापुढं निवेदन नाही. फक्त खोलीतला आवाज.)