विमानात जागा कुणाला?

ही मोन्रोव्हिया, लायबेरियाची राजधानी, आणि हा टबमन बुलेव्हार्ड, शहराचा मेन रोड. या तीनचाकी रिक्षा दिसतायत ना, त्यांना इथे केके म्हणतात, जवळून बघा, कितीतरी गाड्यांवर बजाज लिहिलंय, आपल्या पुण्याच्या कंपनीचं नाव. अशाच एका केकेत बसून मी सेंट जोसेफ कॅथलिक हॉस्पिटलकडे चाललोय.

2014 च्या जुलैमध्ये या हॉस्पिटलमध्ये इबोलाचा जीवघेणा विषाणू शिरला. हॉस्पिटलचे डायरेक्टर ब्रदर पॅट्रिक आजारी पडले आणि त्यांची सेवा करता करता बाकीच्यांनाही लागण झाली. फादर मिगेल पाहारेस, 75 वर्षांचे, स्पेनचे. सिस्टर शांताल, काँगोच्या नन. सिस्टर पॅसिएन्सिया, त्याही नन, इक्वेटोरियल गिनीच्या. सगळे आपापला देश सोडून सेवेला आलेले, त्याच वॉर्डात त्याच पेशंटचं सगळं करणारे.

7 ऑगस्टला स्पेनच्या मिलिटरीचं विमान फादर पाहारेसना घेऊन माद्रिदला उतरलं. सोबत सिस्टर हुलियाना होत्या, जन्म इक्वेटोरियल गिनीचा पण नागरिकत्व स्पेनचं, आणि त्यांची टेस्ट निगेटिव्ह होती. शांताल आणि पॅसिएन्सिया पॉझिटिव्ह होत्या, त्यांनाही न्या अशी विनंती हॉस्पिटल चालवणाऱ्या मिशनरी संस्थेने केलेली, पण त्या स्पेनच्या नागरिक नाहीत म्हणून दोघी इथेच राहिल्या. शांताल 9 ऑगस्टला गेल्या. पाहारेसना झेडमॅप नावाचं प्रायोगिक औषध मिळालं, तरी 12 तारखेला तेही गेले, म्हणजे विमान मिळालं की माणूस वाचतोच असं नाही, मला ते कळतं, पण निदान प्रयत्न तरी व्हायला हवा ना, तो सुद्धा पासपोर्ट बघून करायचा?

पॅसिएन्सियांना इथल्याच एल्वा हॉस्पिटलच्या इबोला सेंटरमध्ये ठेवलं आणि त्या बऱ्या झाल्या. मग सप्टेंबरमध्ये सिएरा लिओनमधून अजून एक स्पॅनिश मिशनरी माद्रिदला नेले गेले, मानुएल गार्सिया विएहो, आणि बऱ्या झालेल्या माणसाच्या रक्तात अँटीबॉडीज असतात म्हणून त्यांच्यासाठी आता पॅसिएन्सियांना स्पेनला बोलावलं. त्या स्पेनला गेल्याही. पण उशीर झाला, विएहो वाचले नाहीत. त्यांची शुश्रूषा करणाऱ्या तेरेसा रोमेरो या नर्सला मात्र लागण झाली, त्या साथीत आफ्रिकेबाहेर इबोलाची लागण झालेली ती पहिली व्यक्ती, आणि तिला पॅसिएन्सियांचा प्लाझ्मा दिला गेला. तेरेसा वाचली. जिला स्वतःला विमानात जागा मिळाली नाही, तिने रक्त द्यायला नाही म्हटलं नाही. या बाईंचं नाव आपल्याकडे कितीजणांना माहितीये?

आणि निदान त्या बाहेरून आलेल्या होत्या, मागे संस्था होती. इथल्या लोकांचं काय? शेजारच्या सिएरा लिओनमध्ये डॉक्टर ऑलिव्हेट बक यांना उपचारासाठी जर्मनीला न्यायची तिथल्या सरकारची धडपड चालली होती, पण जागतिक आरोग्य संघटनेने नकार दिला आणि त्या सप्टेंबरमध्येच वारल्या. त्या साथीत लायबेरिया, सिएरा लिओन आणि गिनी या तीन देशांत मिळून 500 हून जास्त आरोग्य कर्मचारी गेले, बहुतेक सगळे इथलेच, नर्स, लॅबवाले, सफाई कामगार.

माझ्या फोनमध्ये ट्रॅव्हल इन्शुरन्सची पॉलिसी आहे, त्यात मेडिकल इव्हॅक्युएशन कव्हर आहे, म्हणजे आजारी पडलो तर मला उचलून दुसऱ्या देशात नेतील. मी नुसता फिरायला आलोय हो. बऱ्याच सेवाभावी संस्थांमध्ये असं कव्हर परदेशी स्टाफला असतं, आणि त्याच कामावरच्या लोकल नर्सला गावातल्या दवाखान्यापलीकडे काही नसतं, कारण तिचं कॉन्ट्रॅक्ट वेगळं. पैसे कमी पडतात हे मान्य, पण मग जे आहे ते सगळ्यांना सारखं वाटा, निदान चांगल्या उपचारांची एक तरी सोय त्याच देशात सगळ्या स्टाफसाठी करून ठेवा, कामाला माणसं लावायच्या आधी.

आपल्याकडची पोरं व्हॉलंटियर म्हणून बाहेर जातात, बरेचजण डोनेशन पण देतात. तेव्हा संस्थेला हे सरळ विचारा, की तुमची लोकल नर्स उद्या आजारी पडली तर तिला कुठे नेणार, आणि बिल कोण भरणार. उत्तर लेखी मागा.