वक्र कडेवर पैलू का पडतात? सीएनसीसाठी ड्रॉइंग तयार करताना

नमस्कार. स्क्रीनवर ही प्लेट पाहा, बाहेरची कड कशी गुळगुळीत दिसते. आता हाच कापून आलेला जॉब. कडेवरून नख फिरवलं की बारीक पैलू लागतात. मशीन ठीक आहे, कटरही धारदार आहे. दोष ड्रॉइंगमध्ये आहे आणि तो तिथेच काढायचा.

बहुतेक सीएनसी, म्हणजे संगणकाने चालणाऱ्या मशीनच्या, कंट्रोलरना कापायला दोनच आकार कळतात: सरळ रेषा, म्हणजे जी०१, आणि वर्तुळाचा कंस, म्हणजे जी०२ आणि जी०३. स्प्लाइन, म्हणजे मुक्त वक्र रेषा, आणि लंबवर्तुळ त्यात नाहीत. नर्ब्स, म्हणजे स्प्लाइनचं गणिती रूप, थेट वाचणारे कंट्रोलर आहेत, पण ते गृहीत धरून ड्रॉइंग देऊ नका. म्हणजे स्प्लाइनचे तुकडे कुठे ना कुठे होणारच. तुम्ही ते ठरवून केले नाहीत, तर सॉफ्टवेअर स्वतःच्या डीफॉल्टने करतं. आर१२ डीएक्सएफ या ड्रॉइंगच्या जुन्या फाइल-प्रकारात तर स्प्लाइन हा प्रकारच नाही. त्यात सेव्ह केलं की तिची छोट्या रेषांची पॉलिलाइन होते.

हे तुकडे केवढे असावेत? त्याचं गणित सोपं आहे. कंसावरचे दोन बिंदू सरळ जोडले की जीवा मिळते. जीवा आणि कंस यांच्यातलं सर्वांत जास्त अंतर काढायचं, तर जीवेच्या वर्गाला त्रिज्येच्या आठपटीने भागा. त्रिज्या ५० मिमी घेऊ. फरक ०.१ मिमी चालणार असेल तर जीवा ६.३ मिमी येते, पूर्ण वर्तुळाचे जेमतेम ५० तुकडे. हेच ते नखाला लागणारे पैलू. फरक ०.०१ मिमीवर आणला तर जीवा २ मिमी आणि तुकडे साधारण १५७.

मग तुकडे अजून बारीक का करू नयेत? फीड, म्हणजे कटर पुढे सरकण्याचा वेग, ३००० मिमी प्रति मिनिट म्हणजे सेकंदाला ५० मिमी. तुकडे ०.०५ मिमीचे असले तर सेकंदाला १००० ब्लॉक, म्हणजे प्रोग्रॅमच्या ओळी, वाचावे लागतात. जुन्या कंट्रोलरला ते झेपत नाही. तो अडखळत चालतो, कटर जागच्या जागी घासतो आणि कडेवर खुणा उठतात. पैलू घालवायला गेलात आणि खुणा पदरात पडल्या, असं होतं.

म्हणून रेषांऐवजी कंस वापरा. शेकडो रेषांचं काम थोड्या कंसांत होतं आणि कड खरोखर गोल येते. आकार तुम्हीच काढत असाल तर पहिल्यापासून कंसांनीच काढा, सांध्यावर स्पर्शिका जुळवून. स्पर्शिका जुळली नाही तर तिथे बारीक कोपरा राहतो आणि पॉलिश केल्यावर तो उठून दिसतो.

हातात स्प्लाइनच आली असेल, तर ऑटोकॅडमध्ये पीलाइनकन्व्हर्टमोड ही सेटिंग १ करा. ० असेल तर रेषा मिळतात, १ असेल तर कंस. त्याआधी मूळ स्प्लाइनची एक प्रत वेगळ्या लेयरवर ठेवा. मग पीएडिट कमांड द्या आणि विचारलेली प्रिसिजन १० पासून सुरू करा. आता दोन्ही एकावर एक ठेवून, जिथे वळण सर्वांत तीव्र आहे तिथे झूम करून अंतर मोजा. ही पायरी टाळू नका, कारण प्रिसिजनचा आकडा म्हणजे मिलिमीटर नव्हे. फरक जास्त वाटला तर प्रतीवरून पुन्हा, आकडा वाढवून. कॅममध्येही, म्हणजे ड्रॉइंगवरून मशीनचा प्रोग्रॅम बनवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये, आर्क फिल्टर किंवा स्मूदिंग असतं, त्याची टॉलरन्स, म्हणजे चालणारा फरक, स्वतः भरा.

आतली वळणं कटरच्या मापाने पाहा. ६ मिमीचा एंड मिल ३ मिमीपेक्षा लहान आतली त्रिज्या कापूच शकत नाही. बरोबर ३ ठेवली तरी कोपऱ्यात कटरवर एकदम भार येतो, चॅटर, म्हणजे कटरची थरथर, होतं. डिझाइनला चालत असेल तर ३.५ ठेवा.

ओव्हरकिल कमांड चालवून एकावर एक बसलेल्या रेषा काढा, नाहीतर मशीन तीच कड दोनदा कापतं. टोकं जॉइन करा आणि सगळ्यांचा झेड, म्हणजे उंची, शून्य आहे का पाहा.

फाइल कॅममध्ये उघडल्यावर माहीत असलेलं एक माप घ्या. ते २५.४ पट किंवा तितकंच लहान दिसलं तर इंच आणि मिलिमीटरचा घोळ आहे. मग कडेवर एकदा क्लिक करा. पूर्ण प्रोफाइल एकाच साखळीत निवडली गेली आणि वळणांवर त्रिज्या दिसली, तर टूलपाथ, म्हणजे कटरचा मार्ग, काढायला घ्या.