पेटमन शेवटच्या घटकात का?

नमस्कार. लोकशाही आणि स्त्रीवादावर लिहिणाऱ्या राजकीय विचारवंत कॅरोल पेटमन यांची ओळख या सभागृहाला करून द्यायची गरज नाही, म्हणून थेट तक्रारीलाच हात घालते. आम्ही शिकवायचो तो अभ्यासक्रम आठवा. पहिल्या घटकात सामाजिक करार, म्हणजे माणसांनी आपसात करार करून राज्यसत्ता उभी केली ही कल्पना, आणि ती मांडणारे तिघे: हॉब्ज, लॉक, रूसो. पेटमनबाई शेवटच्या घटकात, ‘स्त्रीवाद’ या मथळ्याखाली, परीक्षा तोंडावर आल्यावर. ज्या बाईंनी या तिघांची उलटतपासणी घेतली, त्यांना या तिघांपासून इतकं लांब बसवायचं? अभ्यास मंडळात मी यावरून पुष्कळ भांडले. ‘मॅडम, तो विषय वेगळा आहे,’ एवढंच उत्तर मिळालं.

वेगळा कसा? हॉब्जच्या ‘लेव्हायथन’ या ग्रंथाचं विसावं प्रकरण काढा. हॉब्ज तिथे कुटुंब सांगतो: पुरुष आणि त्याची मुलं, किंवा पुरुष आणि त्याचे नोकर, किंवा पुरुष, मुलं आणि नोकर. झालं कुटुंब! (हशा) हसू नका, याच प्रकरणात तो आधी म्हणून गेलाय की निसर्गावस्थेत, म्हणजे राज्य आणि कायदा येण्याआधी, मुलावर सत्ता आईची. मग ती आई गेली कुठे? पेटमन नेमकं इथेच बोट ठेवतात. लॉक तर राजाची सत्ता आणि बापाची सत्ता वेगळी म्हणून राजेशाहीशी वाद घालतो, आणि नवऱ्याचा विषय निघाला की म्हणतो, तो अधिक समर्थ, अधिक बलवान, तेव्हा शेवटचा शब्द त्याचा. नवऱ्याची बायकोवरची ही सत्ताच कराराचा गाभा आहे. तो पहिल्याच आठवड्यात शिकवायला हवा.

बाईंचा जन्म १९४०चा, इंग्लंडमधला. सोळाव्या वर्षी शाळा सुटली. १९६३ मध्ये त्या ऑक्सफर्डच्या रस्किन कॉलेजात आल्या, म्हणजे कामगार वर्गातल्या प्रौढांना शिकता यावं म्हणून काढलेल्या संस्थेत. १९७२ पासून सिडनी विद्यापीठात. तिथे पुढच्याच वर्षी तत्त्वज्ञान विभागात स्त्रीवादाचा एक अभ्यासक्रम अडवला गेला, तर संप झाला, आणि बांधकाम मजुरांच्या युनियनने विद्यापीठातली कामं बंद ठेवून पाठिंबा दिला! गवंडी एका अभ्यासक्रमासाठी काम थांबवतात, यावर खरं तर वेगळं व्याख्यान द्यायला हवं.

चिठ्ठी आली, पाच मिनिटं उरलीत. जे सांगायला आले ते आता भराभर सांगते. ‘आधी लोकशाहीवर लिहिलं, मग स्त्रीवादाकडे वळल्या,’ असं म्हणतात. ते मला पटत नाही. लोकशाहीतल्या सहभागावरच्या १९७०च्या पुस्तकात त्या विचारतात: लोकशाहीचा नागरिक रोज कारखान्यात निमूट हुकूम पाळत असेल, तर तो सहभाग शिकणार कुठे? १९८८च्या ‘द सेक्शुअल कॉन्ट्रॅक्ट’मध्ये तोच प्रश्न घरात शिरतो. श्रम विकता येतात, पण माणूस मागे ठेवून नाही; सही केली की स्वतःलाच दुसऱ्याच्या हुकमाखाली जावं लागतं. लग्नाच्या कराराचंही तेच. एकदा दिलेली संमती कायमची, असं इंग्लंडचा कायदा धरून चालला होता. वैवाहिक बलात्काराला असलेली ती सूट तिथल्या सर्वोच्च न्यायपीठाने काढली ती १९९१ मध्ये, पुस्तकानंतर तीन वर्षांनी.

आणि म्हणूनच त्या पुढे प्रत्येकाला विनाअट मूलभूत उत्पन्न, म्हणजे सरकारकडून नियमित मिळणारी रक्कम, मागतात. मालकाला किंवा नवऱ्याला ‘नाही’ म्हणायचं, तर उद्याच्या जेवणाची सोय आधी हातात हवी. प्रश्न घेऊ या.