विहीर खणली, तांबं लागलं

(दृश्य: गोठलेलं तळं. पलीकडे झाडांच्या वर खाणीचा मनोरा.)

फिनलंडच्या नकाशावर साधारण मध्यावर बोट ठेवा. प्युहायार्वी. ‘प्युहा’ म्हणजे पवित्र, ‘यार्वी’ म्हणजे तळं. तळ्याचं नाव तेच गावाचं. वस्ती जेमतेम पाच हजार.

१९५८ साली इथला एक शेतकरी विहीर खणत होता. पाण्याऐवजी हाती आला एक विचित्र, जड दगड. दुसऱ्या कुणी तो बांधावर भिरकावला असता. पण फिनलंडमध्ये असा दगड सापडला, की जाणकारांकडे तपासायला पाठवायची रीत आहे. तिथल्या कितीतरी खाणी अशाच साध्या माणसांच्या नजरेतून सापडल्या. दगडात तांबं निघालं. १९६२ मध्ये औतोकुम्पू या सरकारी कंपनीची खाण सुरू झाली: तांबं, जस्त आणि पायराइट, म्हणजे लोखंड-गंधकाचं खनिज.

(दृश्य: अंधारा बोगदा, गाडीचे दिवे.)

धातूच्या मागे माणसं खाली खाली जात राहिली. थेट १,४४४ मीटरपर्यंत! लिफ्टनं तीनेक मिनिटं. गाडीनं जायचं तर अकरा किलोमीटरचा वळणावळणाचा रस्ता. वर उणे वीस असलं, तरी तळाशी अंगातला कोट काढावा लागतो. खडकच उबदार. आणि फिनिश माणूस तो! इतक्या खोलवर जाऊनही त्यानं तिथे सौना, म्हणजे घाम काढायची गरम खोली, बांधलाच.

ऑगस्ट २०२२ मध्ये जमिनीखालचं खणणं थांबलं. खाण संपली, खड्डा उरला. पण एवढा खोल खड्डा मिळतो कुठे?

शास्त्रज्ञांना तो आधीपासूनच हवा होता. डोक्यावर इतका खडक असला की अवकाशातून येणारे बहुतेक कण वरच अडतात, खाली शांतता मिळते. जिनिव्हाजवळच्या सर्न या कणभौतिकीच्या प्रयोगशाळेतून जमिनीच्या पोटातून न्यूट्रिनो, म्हणजे खडकातूनही आरपार जाणारे सूक्ष्म कण, सोडायचे आणि २,३०० किलोमीटरवर इथे पकडायचे, असा बेतही झाला होता. तो कागदावरच राहिला. छोटे प्रयोग मात्र झाले. अवजड वजनं खाली सोडून वीज मिळवायची, हीसुद्धा एक योजना पुढे आली.

(दृश्य: पुन्हा तळं. बर्फाला भोक पाडून गळ टाकून बसलेला माणूस.)

खाणीत मात्र अजूनही पाणी झिरपतं. ती कोरडी ठेवायची, तर ते सतत उपसावं लागतं. विहिरीला पाणी लागलं म्हणायचं, ते असं.