बरड रानाची वाइन: बालाघाटाच्या पायथ्याशी एक छोटी वायनरी

नमस्कार मंडळी. माझ्या पाठीमागं दिसतोय तो बालाघाट. हरिश्चंद्रगडाच्या बाजूला सह्याद्रीपासून फुटलेली ही रांग अहिल्यानगर, बीड, धाराशिव करत लातूरच्या अंगाला उतरत जाते. आपली मांजरा नदी याच डोंगरात, पाटोदा तालुक्यात उगम पावते. मी उभा आहे तो तुळजापूर भागातला उतार. वर बोडका डोंगर, मधे द्राक्षाची बाग आणि बागेच्या खालच्या टोकाला पत्र्याच्या शेडमध्ये एक छोटी वायनरी.

तिचं नाव मी घेणार नाही. हा व्हिडिओ जाहिरातीचा नाही, आणि काका-काकू दोघंच सगळा कारभार बघतात, त्यांना गर्दी झेपणारी नाही. मला दाखवायचाय तो हा उतार. वायनरीला गेलं की लोक थेट ग्लास हातात घेतात, फोटो काढतात आणि निघतात. माझं म्हणणं असं की आधी डोंगर बघा. ग्लासात जे येतं त्यातलं निम्मं तरी इथं, या मुरमात आणि या वाऱ्यात ठरलेलं असतं.

(कॅमेरा बांधाच्या कापाकडे)

हा काप बघा. मुरूम उचलल्यामुळं जमीन उभी उघडी पडलीय. वर जेमतेम वीतभर तांबूस-करडी माती. खाली पिवळसर मुरूम, बोटांनी दाबला तर भुगा होतो. आणि त्याच्याखाली काळा पाषाण. हा सगळा लाव्हा आहे. साधारण 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वी दख्खनवर लाव्ह्याचे थरांवर थर पसरले, त्याचाच हा बेसॉल्ट. आता खाली ओढ्याकडं बघा. तिथं काळी, भारी जमीन आहे. उतारावरची बारीक माती पावसानं वाहून तिथं साचत गेली. म्हणजे दगड एकच, पण वर त्याचा मुरूम राहिला आणि खाली त्याची चिकण माती झाली.

आपल्याकडं वाटणी करताना भांडण कशावरून होतं, तुम्हाला माहीत आहे. काळं रान कुणाला आणि बरड कुणाला. बरड ज्याच्या वाट्याला आलं त्याचं नशीब खोटं, असंच आपण धरत आलो. ज्वारीसाठी, कपाशीसाठी ते खरंही आहे. वाइनच्या द्राक्षाला मात्र हेच बरड रान मानवतं. त्याचं कारण नीट समजून घेऊ, कारण सगळा खेळ इथंच आहे.

काळी माती पाणी धरून ठेवते. पावसात फुगते, उन्हाळ्यात तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. अशा जमिनीत वेलीला पाणी कमी पडत नाही, मग तिचा शेंडा चालतच राहतो. पानं वाढतात, मणी फुगतात, रस पातळ होतो. मुरमाड उतारावर पाणी निथळून जातं, वाफसा लवकर येतो आणि मुळांना खडकाच्या फटी शोधत खाली जावं लागतं. मण्यात पाणी उतरायच्या सुमाराला वेलीला थोडी तहान लागली की शेंडा थांबतो. मग पानांनी तयार केलेली साखर नव्या फुटीवर खर्च न होता घडाकडं जाते. मणी लहान राहतात. मणी लहान म्हणजे रसाच्या मानानं साल जास्त. आणि लाल वाइनचा रंग, तिचा तुरटपणा, बराचसा सुगंध, हे सगळं मुख्यतः सालीत असतं.

इथं एक गैरसमज दूर करतो. अनेक जण सांगतात की वाइनला त्या जमिनीतल्या दगडाची चव येते. तसं होत नाही. मुळं पाणी आणि त्यात विरघळलेले क्षार घेतात, बेसॉल्टची चव वर ओढून आणत नाहीत. दगड काम करतो तो पाण्याच्या हिशोबातून. किती पाणी थांबेल, किती निघून जाईल, वेलीला तहान कधी लागेल, हे तो ठरवतो. वाइनवाले ज्याला टेरुआ, म्हणजे जमीन आणि हवामानाचा वाइनवरचा ठसा, म्हणतात त्यातला जमिनीचा वाटा मला तरी मुख्यतः हाच वाटतो.

हे रान निखळ वरदानही नाही बरं. मुरमाच्या थरात जागोजागी चुनखडी आहे. चुना जास्त झाला की वेलीला लोह मिळत नाही आणि कोवळी पानं पिवळी पडतात. म्हणून वेल स्वतःच्या मुळांवर न वाढवता डॉगरीज किंवा 110 आर असल्या खुंटावर कलम भरतात. खाली खुंटाची मुळं, वर वाइनची जात.

आता हवा. थंडीच्या रात्री जमिनीलगतची गार हवा जड होते आणि उतारावरून खाली ओढ्याकडं सरकते. पहाटे इथं उभं राहिलात तर पायाला ती जाणवते. त्यामुळं दव आणि धुकं खाली सखल भागात जास्त साचतं, उतारावरची बाग लवकर कोरडी होते. हा उतार पूर्वेकडं तोंड करून आहे, सकाळचं ऊन पहिल्यांदा इथंच पडतं. पान ओलं राहणं म्हणजे डाऊनी या बुरशीच्या रोगाला, आपल्या भाषेत केवड्याला, आमंत्रण. काका म्हणाले, "खालच्या रानातल्या बागेपेक्षा माझी एखाद-दुसरी फवारणी वाचते. पण परतीचा पाऊस घुसला की वर काय अन् खाली काय, सगळ्यांचीच झोप उडते."

गारव्याचं आणखी एक काम आहे. द्राक्षात दोन मुख्य आम्लं असतात, टार्टारिक आणि मॅलिक. उष्णता वाढली की मॅलिक आम्ल झपाट्यानं खर्ची पडतं. डिसेंबर-जानेवारीच्या थंड रात्रींत ते टिकतं, आणि ते टिकलं तरच वाइनला तरतरी येते. फेब्रुवारी सरता सरता आपल्याकडं ऊन कसं तापतं ते मी सांगायला नको. म्हणून इथं तोडणीची घाई असते. साखर भरली पाहिजे आणि आंबटपणा पळून जायच्या आत घड उतरला पाहिजे. पहाटे अंधारात, डोक्याला बॅटरी बांधून तोडणी चालते ती यासाठीच. गार घड टाकीपर्यंत गारच पोचला पाहिजे.

(बागेतून चालत)

फ्रान्स-इटलीत थंडीत वेल पानं गाळून झोपते आणि वर्षाचं चक्र निसर्गच फिरवतो. आपल्याकडची वेल झोपतच नाही. तिला कात्रीनं सांगावं लागतं. एप्रिलमध्ये खरड छाटणी, म्हणजे पीक उतरल्यावर जुन्या काड्या काढून टाकायच्या. त्यानंतरच्या कडक उन्हात नव्या काडीच्या डोळ्यांमध्ये पुढच्या हंगामाचे घड सूक्ष्म रूपात तयार होतात. मग पावसाळा संपताना, सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये, फळछाटणी. गोडी छाटणी म्हणतात ती हीच. छाटलं की काडीला हायड्रोजन सायनामाइडची पेस्ट लावतात, म्हणजे डोळे एकसारखे फुटतात. छाटण्या दोन, पण पीक एकच, तेही थंडीत पिकवलेलं.

आणि हे आपल्या भागाला नवं नाही. मुहम्मद तुघलकानं 1327 मध्ये राजधानी दौलताबादला हलवली. त्यानंतर काही वर्षांनी तिथं आलेल्या इब्न बतूतानं लिहून ठेवलंय की दौलताबादला द्राक्षं आणि डाळिंबं आहेत आणि ती वर्षातून दोनदा येतात. परदेशातून आलेल्या माणसाला याचं नवल वाटलं. वेल इथं झोपत नाही, हे त्यानं चौदाव्या शतकात टिपलं होतं.

त्याच्याही मागं जायचं तर या जिल्ह्यातलंच तेर घ्या. तेरणाकाठचं हे गाव म्हणजे प्राचीन तगर. पहिल्या शतकातल्या एका ग्रीक व्यापारी प्रवासवर्णनात पैठण आणि तगर इथला माल गाड्यांनी भडोच बंदराला जात असल्याची नोंद आहे. त्याच भडोचला बाहेरून येणाऱ्या मालात वाइन आहे, त्यातही इटलीच्या वाइनला पसंती. तेरच्या संग्रहालयात त्या व्यापाराच्या खुणा बघायला मिळतात. या बाजूला आलात तर तेर चुकवू नका.

पुन्हा बागेत येऊ. ही थॉमसन किंवा माणिक चमन या खायच्या जातींची बाग नाही. खायच्या द्राक्षाला मोठा मणी, पातळ साल, बी नको, असं सगळं हवं असतं. त्यासाठी जीए या मणी फुगवणाऱ्या संजीवकाचे डोस, विरळणी, गर्डलिंग म्हणजे खोडाची साल गोल काढणं, केवढा तरी खर्च. इथं आहे पांढऱ्या वाइनची शेनिन ब्लाँ आणि लाल वाइनची शिराझ. बारीक मणी, जाड साल, आत बी. खायला घेतली तर लेकरं थुंकून टाकतील. इथंच या शेतीतला खरा धोका आहे. खायची द्राक्षं एका व्यापाऱ्यानं नाकारली तर दुसरा घेतो, कुणीच नाही घेतली तर बेदाणा करता येतो. वाइनची द्राक्षं वायनरीनं घेतली नाहीत तर त्यांना दुसरं गिऱ्हाईक नाही. 2008-09 नंतर मंदी आली, वाइनचे साठे पडून राहिले आणि राज्यात बऱ्याच शेतकऱ्यांनी या बागा उपटून टाकल्या. काकांनी स्वतःच्याच बागेजवळ स्वतःची टाकी उभी केली त्यामागं हे कारण आहे. माल अडला तर आपल्याच घरात अडेल. मला हे धाडस मोठं वाटतं. कर्ज आहे, परवान्यांची कागदपत्रं आहेत, आणि गारपीट कधी येईल त्याचा नेम नाही. 2014 च्या फेब्रुवारी-मार्चमधली गारपीट मराठवाड्यात कुणीही विसरलेलं नाही.

(शेडमध्ये)

शेडमधलं काम सांगायला सोपं आहे. यंत्रात देठ वेगळे होतात, मणी फुटतात. पांढऱ्या वाइनसाठी लगेच दाबून रस काढतात आणि साल बाजूला. लाल वाइनसाठी साल रसातच ठेवतात. ती वर तरंगून थर धरते, तो थर दिवसातून काही वेळा खाली दाबावा लागतो. यीस्ट साखर खातं, अल्कोहोल आणि कार्बन डायऑक्साइड तयार करतं. 23 ब्रिक्सचा, म्हणजे साधारण 23 टक्के साखरेचा, रस असेल तर साधारण 13 टक्के अल्कोहोल होतं. या प्रक्रियेत उष्णता निघते, म्हणून टाकीला थंड पाण्याचं जॅकेट लागतं. मराठवाड्यात वीज गेली की वायनरीवाल्याचा जीव टांगणीला लागतो तो या जॅकेटपायी. काकू रोज सकाळी प्रत्येक टाकीतलं तापमान आणि साखर वहीत लिहितात. ती वही मी चाळली. एका तारखेपुढं फक्त एवढंच होतं: "रात्री लाईट नव्हती, बर्फ टाकला."

आता चव. शेनिन ब्लाँ इथं आधी पेरूची आठवण देते, मग लिंबाचा ताजेपणा येतो. शिराझमध्ये काळ्या मिरीचा वास स्पष्ट आहे आणि शेवटी जिभेवर तुरटपणा राहतो. सोबत काय खायचं यावर माझं मत ठाम आहे. जानेवारी म्हणजे हुरड्याचे दिवस. आगटीतून काढलेला गरम गूळभेंडी हुरडा, शेंगदाण्याची लसणाची चटणी आणि थंड शेनिन. हुरड्याचा गोडवा, चटणीचा तिखटपणा आणि वाइनचा आंबटपणा, हे तिन्ही एकमेकांना सांभाळून घेतात. शिराझला काळ्या मसाल्यातलं मटण. चीजची थाळी शोधत बसू नका.

दोन प्रश्न कमेंटमध्ये येणार, त्यांची उत्तरं आत्ताच देतो.

पहिला, पाण्याचा. 2016 ला लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं, त्या मुलखात वाइनसाठी बाग कशाला? प्रश्न रास्त आहे. या बागेला ठिबक आहे आणि वेलीला हिशोबानं थोडं तहानलेलं ठेवणं हाच तर इथला मार्ग आहे. वर डोंगरावर समतल चर खोदलेत, ते पाणी मुरतं आणि पायथ्याच्या विहिरीला येतं. जास्तीचं अस्तर घातलेल्या शेततळ्यात साठतं. जालना जिल्ह्यातल्या कडवंचीनं पाणलोटाचं काम आणि शेततळी यांच्या जोरावर द्राक्षाचं गाव उभं केलं, ते आपल्यासमोर आहे. बारा ते अठरा महिने रानात उभा राहणारा ऊस मराठवाड्यात चालतो आणि बरडावरची ठिबकची बाग खुपते, हे मला पटत नाही. पण पाणलोटाचं काम न करता नुसतं बोअर पाडून कुणी बाग लावत असेल, तर त्याला माझा विरोध आहे.

दुसरा, दारूचा. वाइनमध्ये अल्कोहोल आहे, तिला औषध म्हणून विकणाऱ्यांवर विश्वास ठेवू नका. गावोगावच्या बायकांनी दारूबंदीसाठी जे सोसलंय ते मी बघितलंय आणि त्यांच्या रागाला कारण आहे. ज्यांना प्यायची नाही त्यांनीही अशा ठिकाणी यावं. बाग, छाटणी, टाकीतला फसफसणारा रस, हे न पिताही बघण्यासारखं आहे.

यायचं असेल तर जानेवारी अखेर ते फेब्रुवारी, तोडणीच्या दिवसांत. कुठलीही छोटी वायनरी असो, आधी फोन करून विचारा, कारण तोडणीच्या सकाळी कुणालाही तुमच्याशी बोलायला वेळ नसतो. दुपारी चारनंतरची वेळ मागा. पायात बूट घाला, मुरमावर चप्पल घसरते. घडाला हात लावू नका, त्यावरची पांढरी लव पुसली जाते. चव घेणाऱ्याचं वय 21 पूर्ण हवं, आणि गाडी चालवणाऱ्यानं ग्लासाला हात लावायचा नाही, तुळजापूरचा घाट उतरायचा असतो. आणि एक विनंती. गेल्यावर आधी विचारा, "काका, तुमच्या बागेत मुरूम किती खोल आहे?"