पाणी वाढवण्याआधी मूळ बघा

सभागृहात शिरताना एका ताईंनी मोबाइलवर फोटो दाखवला. फॅलेनॉप्सिस ऑर्किडची पानं मलूल, सुरकुतलेली. "पाणी किती वाढवू?" मी विचारलं, मुळांचा फोटो आहे का? नव्हता. बहुतेकांकडे नसतोच.

पान सुरकुतलं म्हणजे त्याच्यापर्यंत पाणी पोचत नाहीये, एवढंच कळतं. कुंडी कोरडी पडली आहे, की पाणी भरपूर आहे पण ते ओढणारी मुळंच सडली आहेत, हे पानावरून कळत नाही. दोन्ही वेळा ते तसंच लोळतं. माझं पहिलं ऑर्किड मी असंच मारलं. पान लोळलं की पाणी, आणखी लोळलं की आणखी पाणी. शेवटी उचलायला गेलो तर रोप हातात आलं आणि मुळं कुंडीतच राहिली.

आज एक आजारी रोप सोबत आणलंय. मागच्यांनी पुढे या हवं तर. हे चंदेरी मूळ बघा. त्याच्याभोवती स्पंजासारखा थर असतो, त्याला व्हेलामेन म्हणतात. त्यातल्या पेशी मेलेल्या, पोकळ. कोरड्या असताना त्यांत हवा असते, म्हणून रंग चंदेरी. आता पाणी फवारतो... झालं की नाही हिरवं? हवेची जागा पाण्याने घेतली आणि आतला हिरवा रंग दिसायला लागला. आता हे दुसरं, काळपट. चिमटीत धरून ओढतो. वरचं आवरण सरकन निघालं, आत दोऱ्यासारखी शीर उरली. हे मूळ गेलं.

पण नुसत्या रंगावर जाऊ नका. कुंडीत खोल असलेल्या मुळांना उजेड मिळत नाही, ती पिवळट दिसतात; कुंडीत मातीऐवजी भरतो त्या झाडाच्या सालीचे डागही पडतात. दाबून बघा. टणक असेल तर ते मूळ जिवंत आहे. ही चांगली मुळं कापून टाकणारी मंडळी मला सारखी भेटतात, आणि खरं सांगायचं तर रागही येतो.

आता मुळं सडतात कशाने? पाण्याने, म्हणाल. मी म्हणेन, हवा न मिळाल्याने. ही झाडं मुळात दुसऱ्या झाडांच्या खोडांवर वाढणारी; पावसात भिजायचं, वाऱ्यावर सुकायचं. कुंडीतली साल दोनेक वर्षांत कुजून बारीक होते, तुकड्यांमधली पोकळी बुजते. तुम्ही पाणी पूर्वीइतकंच घालता, तरी मुळं गुदमरतात. विकत आणलेल्या रोपाच्या बुंध्याशी कधीकधी शेवाळाचा घट्ट गोळाही असतो. वरची साल सुकते, तो मात्र आत ओलाच.

सडलेलं तापवून गार केलेल्या कात्रीने कापा, नवी साल भरा. पानांच्या सुरकुत्या पूर्ण जातीलच असं नाही. नव्या मुळाचं टोक दिसलं की समजा, रोप मार्गी लागलं.

पानांचं थोडक्यात. सर्वात खालचं एखादं पिवळं पडलं तर पडू द्या, ते म्हातारं झालंय. मधलं कोवळं पान बुडाशी काळं पडून अलगद निघालं, तर मात्र शेंडा सडतोय. फॅलेनॉप्सिसला वाढीचा शेंडा एकच असतो, म्हणून तिथे साचलेलं पाणी लगेच टिपून घ्या. डाग दिसला तर त्याच्या कडेने पेनाने रेघ मारा. उन्हाचा चट्टा कोरडा होऊन रेघेच्या आतच थांबतो. पाणचट डाग दोन दिवसांत रेघ ओलांडून पुढे गेला तर जिवाणूंचा संशय घ्या, आणि पान डागाच्या पलीकडे, निरोगी भागातून कापा. चिकट थेंब दिसले तर पानामागे आणि बेचक्यांत मिलीबग, म्हणजे कापसासारखी पांढरी कीड, शोधा. काही नाही सापडलं तर निश्चिंत राहा, रोप स्वतःही असा गोड रस सोडतं.

काय म्हणालात? फुलं असताना कुंडी बदलायची का? मुळं सडली असतील तर आजच बदला. फुलांचा दांडा कापून पाण्यात ठेवा, फुलं तिथेही बरेच दिवस टिकतील.